शहरात खोली घेताना

आपली पोरं आता नाशकात कामाला जातात. कुणी सातपूरला, कुणी अंबडला. लेकीही जातात. काम मिळते, पण राहायचे कुठे?

माझा पुतण्या असाच गेला. त्याला नव्या नाशकात खोली मिळाली. हा भाग सिडकोने वसवला. परवडतील अशी लहान घरे तेथे बांधली. घरमालक मोठा गोडबोल्या. म्हणाला, "कागद कशाला? तुम्ही घरचेच!" माझ्या भावाने गाय विकली आणि वीस हजार रुपये अनामत दिली. मी सोबत होतो. पावती मागितली नाही. वर्षाने पोराने खोली सोडली. तेव्हा मालक म्हणाला, "कसली अनामत?"

जन्मभर मी मुलांना लिहायला शिकवले. पण त्या दिवशी दोन ओळी लिहून घेतल्या नाहीत. भावाच्या दावणीचा रिकामा खुंटा मला अजून दिसतो.

कायदा मला मागाहून कळला. तो १९९९ सालचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा. भाड्याचा करार लेखी हवा. तो सरकारदरबारी नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. त्याने नोंदणी केली नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात. ते खोटे ठरवायचे, तर पुरावा मालकाने द्यायचा. हे ठाऊक असते, तर आम्ही गप्प बसलो नसतो.

म्हणून पोरांना नुसते पैसे देऊ नका. एक दिवस सोबत जा. पाण्याची सोय पाहा. वीजबिल कोण भरणार, ते विचारा. भाडे किती, अनामत किती, ती परत कधी मिळणार, हे करारात लिहून घ्या. पैसे दिले की पावती घ्या. पगारातून भाडे देऊन पोटाला किती उरते, याचाही हिशेब पोरांबरोबर मांडा.

पुढे स्वतःचे घर घ्यावेसे वाटले, तर म्हाडाच्या सोडतीत अर्ज करता येतो. म्हाडाने दलाल नेमलेले नाहीत. "घर मिळवून देतो, पैसे आणा," असे कुणी म्हणाला, तर त्याला दारातूनच रामराम करा.

बंधुभगिनींनो, तुम्ही आता वाचायला शिकलात. सहीआधी तो करार मोठ्याने वाचा. अडले तर पुन्हा विचारा. त्यात लाज कसली? घाम गाळून मिळवलेला पैसा तुमचा आहे.