चार सेकंदांचा कॉम्प्युटर



बोरघाट उतरणारी आगगाडी मंकी हिलला थांबते, ठाकूरवाडीला थांबते, जांबरुंगलाही थांबते. प्रवाशांची तिथे चढउतार नसते. ब्रेक ताब्यात आहेत हे गाडीने थांबून दाखविल्याखेरीज पुढचा काटा तिच्यासाठी फिरत नाही, म्हणून हे थांबे. न थांबता आलीच, तर ती चढावरच्या फाट्यावर जाऊन निमूट उभी राहते. लोणावळेकरांना हे मी सांगायला नको. पण आपल्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीतही असेच काटे बसविलेले असतात, आणि बटण दाबताच सुरू होऊन लगेच विझणारा कॉम्प्युटर बहुतेक वेळा अशाच एखाद्या काट्यावर अडलेला असतो, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही.

आमच्या मावळात हे दुखणे पावसाळ्यात फार. डबा उघडा राहिला तर इथे चिक्कीला तासाभरात पाणी सुटते. कपाटात बुरशी येऊ नये म्हणून लोक दिवा लावून ठेवतात. अशा हवेत पेटीतली वर्षभराची धूळ ओलसर होते. कोरडी धूळ वीज वाहून नेत नाही, ओली धूळ थोडीथोडी नेते. शिवाय पितळी खिळ्यांवर हिरवट थर चढतो, बटणाच्या आतली स्प्रिंग गंजते. लोणावळ्याचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज पुरविली गेली, पण घाटमाथ्यावरच्या घरांत मात्र जोराचा वारा सुटला की दिवे डोळे मिचकावू लागतात. त्याचाही ताप कॉम्प्युटरलाच.

मग शोध घ्यायचा कसा? माझे म्हणणे असे, की स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याआधी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहावे. बटण दाबल्यापासून किती सेकंदांनी तो बंद पडतो? वैद्य नाडी बघतो तसे हे आहे.

पंखा जेमतेम अर्धी गिरकी घेऊन थांबला, तर पॉवर सप्लायने स्वतः हात आखडता घेतला असे समजावे. हा डबा भिंतीतली २३० व्होल्ट वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे दाब तयार करतो. ते ठीक आहेत अशी खात्री पटली, की अर्ध्या सेकंदाच्या आत तो मदरबोर्डला 'सर्व क्षेम' असा इशारा देतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. कुठे तारेला तार लागली असेल, पेटीत एखादा सुटा स्क्रू पडला असेल, पुढच्या यूएसबीच्या खाचेतली पट्टी वाकून दुसरीला टेकली असेल, तर इशारा जातच नाही. काही मदरबोर्ड तर यूएसबीतल्या अशा दोषाची सूचना पडद्यावर देतात आणि पंधरा सेकंदांनी बंद होतात. लोक ती सूचना वाचत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आता चार सेकंदांची गोष्ट. कामशेतजवळच्या एका गावात एक ताई घरबसल्या मुलांचे प्रवेशाचे अर्ज भरून देतात. त्यावरच त्यांचे घर चालते. जुलै महिना, अर्जांची मुदत दोन दिवसांवर आलेली, आणि कॉम्प्युटर सुरू होऊन बंद! एका दुकानदाराने न उघडताच निदान केले, "बोर्ड गेला, ताई. नवीनच घ्या." पंधरा-वीस हजारांचा आकडा ऐकून त्या बिचाऱ्या हबकल्या. मुलांची कागदपत्रे आत अडकली ही धास्ती निराळीच. वास्तविक कागदपत्रे असतात डिस्कवर. बोर्ड खरोखर गेला तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. ही गोष्ट त्यांना आधी सांगितली, तेव्हा कुठे चहा झाला.

मग घड्याळ लावून पाहिले. दर खेपेला चार सेकंद. ना तीन, ना सहा. बिघाड इतका शिस्तशीर क्वचितच असतो! आपणच लावलेला एक नियम मात्र असा चालतो: पॉवरचे बटण चार सेकंद दाबून धरले, की कॉम्प्युटरने निमूट बंद व्हावे. म्हणजे कोणीतरी बटण दाबून धरले होते. ते 'कोणीतरी' म्हणजे गंजलेली स्प्रिंग. आत गेलेले बटण बाहेर येतच नव्हते.

खात्री करण्याची युक्ती सोपी आहे. प्लग काढायचा, पेटीची बाजू उघडायची, पॉवरच्या बटणाची दोन तारांची टोपी मदरबोर्डवरून उपटायची आणि त्या जागी शेजारच्या रीसेट बटणाची टोपी बसवायची. आता रीसेट दाबून कॉम्प्युटर चालू करायचा. ताईंचा चालू झाला आणि चालूच राहिला. अर्ज मुदतीत गेले. ती टोपी, माझ्या माहितीप्रमाणे, अजून तशीच आहे.

दहा-वीस सेकंदांनी किंवा मिनिटभराने बंद पडत असेल, तर उष्णतेचा संशय धरावा. प्रोसेसर तापू लागला की आधी आपला वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर वीज तोडायला लावतो. त्याच्यावरचा पंख्याचा ठोकळा पुष्कळदा प्लॅस्टिकच्या चार पायांवर उभा असतो. एक पाय सुटला तरी ठोकळा तिरपा होतो, आणि वरून बघणाऱ्याला पंखा फिरताना दिसतोच! बोटाने हलवून पाहावे. मधली उष्णतावाहक पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावावी, तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

वेळेचा काही धरबंदच नसेल, तर भिंतीकडे वळावे: सैल सॉकेट, कमी दाब, म्हातारी झालेली यूपीएसची बॅटरी. यूपीएस बाजूला काढून एकदा सरळ भिंतीला जोडून पाहिले की उलगडा होतो. आणि कशानेच उमजेना, तर डिस्क, जादा कार्डे वगैरे सगळे सोडवून फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी ठेवावी. तेवढ्यावर टिकला तर एकेक वस्तू परत जोडत जावे, दर वेळी प्लग काढून. जी जोडताच तो विझेल, ती चोर.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या घरात दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतो. संशय असेल तर ओळखीच्याकडून दुसरा डबा आणून लावून बघावा. तसेच बंद पडणारे यंत्र पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा हट्ट नको. आत शॉर्ट असेल तर दर खेपेला तो थोडा अधिक जाळतो.

पावसाळ्यात पेटी जमिनीवरून हातभर वर ठेवा, ओलीच्या भिंतीपासून दूर. काम असो-नसो, रोज अर्धा तास चालू ठेवा. स्वतःच्या उबेने ती कोरडी राहते. धूळ काढायची ती मे महिन्यात, रंगाच्या कोरड्या ब्रशने. आणि चार दिवस गावाला जायचे असेल तर नुसते बटण बंद करून जाऊ नका, प्लगच भिंतीतून काढून ठेवा.