ब्रेक लागल्यावर आपल्याला पुढे कोण ढकलतं?

आज कोडिंग नाही, आज सातवीचं विज्ञान.

मागच्या रविवारी ताई-दाजींच्या गाडीतून आम्ही साताऱ्याला निघालो होतो. दाजी चालवत होते, शेजारी ताई, तिच्या मांडीवर पाच वर्षांचा भाचा. मागे मी आणि सातवीतली भाची. शिरवळच्या पुढे एक कुत्रं आडवं आलं आणि दाजींनी करकचून ब्रेक मारला. कुणाला काही लागलं नाही, कुत्रंही वाचलं. पण भाचीनं विचारलं, "मामा, आपल्याला पुढे कुणी ढकललं?"

मी लगेच म्हणालो, "जडत्वाच्या बलानं." आणि इथेच चुकलो. जडत्व हे बल नाहीच! बीटेक करून ही अवस्था.

खरं उत्तर आहे, कुणीच नाही. गाडी ताशी 40 किलोमीटरनं जात असेल, तर आत बसलेले आपणही 40 नेच जात असतो. ब्रेक दाबला की चाकं आणि रस्ता यांच्यातलं घर्षण गाडीला थांबवतं. आपल्याला अजून कुणी थांबवलेलंच नसतं, म्हणून आपण आपल्या आधीच्याच वेगानं पुढे जातो. न्यूटननं 1687 साली पुस्तकात मांडलेलं हेच: बल लागतं ते वेग बदलायला, टिकवायला नाही. पटत नाही ना? कारण सायकलचं पेडल मारणं थांबवलं की सायकल थांबते. पण तिला हवा आणि घर्षण थांबवतात. कॅरमवर पावडर टाकली की सोंगटी कशी लांबवर जाते, आठवा.

मग आपल्याला थांबवतं कोण? सीटबेल्ट. नाहीतर डॅशबोर्ड, नाहीतर काच. आणि मांडीवरच्या भाच्याला? ताईचे हात. "मी घट्ट धरते ना त्याला," ताई म्हणाली.

मी मोबाईलवर हिशोब मांडला. पोराचं वजन 20 किलो. ताशी 40 म्हणजे सेकंदाला साधारण 11 मीटर. समजा धडक झाली आणि सगळं एक दशांश सेकंदात थांबलं. 20 गुणिले 11, भागिले 0.1. उत्तर 2200 न्यूटन. म्हणजे जवळपास सव्वादोनशे किलोचं ओझं, सिमेंटची साडेचार पोती! ती एका झटक्यात, दोन हातांवर पेलायची. कोणतीच आई हे पेलू शकत नाही, यात मायेचा प्रश्नच नाही. ताई बराच वेळ काही बोलली नाही.

बेल्ट काय वेगळं करतो? किंचित ताणतो, थांबायला थोडा जास्त वेळ देतो. वेळ दुप्पट झाला की बल निम्मं. तुमच्या मोबाईलचं कव्हरही हेच करतं. फक्त लहान मुलाला मोठ्यांचा बेल्ट गळ्यावर येतो, म्हणून त्याला वेगळी सीट लागते. ती ताईनं साताऱ्यात पोचायच्या आत ऑर्डर केली.

एक प्रयोग करा, गाडी उभी असताना. बेल्ट हळू ओढा, सरसर येतो. हिसका द्या, खटकन अडकतो. परत येताना जेवायला थांबलो, तेव्हा भाची गाडीत बसून हेच करत होती. खट, खट, खट. शेवटी दाजी म्हणाले, "अगं, तुटेल तो!"