पाळणाघर सहाला बंद होतं

(आमच्या वार्षिक कार्यकर्ता शिबिरात पुण्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडी काटछाट केली आहे.)



सकाळच्या सत्रात आपण बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी बोललो. त्यानंतर इथे उभं राहून हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या मुलींच्या बढतीविषयी बोलायचं, याचा मला स्वतःलाच संकोच वाटतो आहे. मघाशी चहाच्या वेळी एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणालीसुद्धा, "अगं, त्यांना काय कमी आहे? एसीत बसतात, पगार तुझ्या चौपट." खरं आहे. काहीजणींचा तर सहापट असेल. तरीही विषय मांडते. ऐकून घ्या, मग भांडा.

मी या बायकांपर्यंत पोचले ती कायद्यामुळे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्याला पाठ आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, आणि तिच्यावर बाहेरची एक सदस्य हवी. ती बाहेरची म्हणजे आपल्यासारखी कोणीतरी. अशा काही कंपन्यांच्या समित्यांवर मी आहे. तिथल्या तक्रारींबद्दल आज एक अक्षरही बोलणार नाही, ते गोपनीयच राहायला हवं. मी सांगणार आहे ते प्रशिक्षण संपल्यावर जिन्यात, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये ऐकलेलं. छळाबद्दल बोलायला एखादीच थांबते. "मॅडम, पाच वर्षं त्याच हुद्द्यावर आहे" हे सांगायला रांग लागते.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. एका कंपनीने आठ मार्चला मला भाषणाला बोलावलं. गुलाबाचं फूल, नखं रंगवून देणारा स्टॉल आणि माझं भाषण, असा कार्यक्रम. विषय त्यांनीच दिला होता: स्त्रिया आणि 'ग्रोथ माइंडसेट'. हा शब्द कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा. २००६ साली त्यांचं पुस्तक आलं. बुद्धी जन्मजात ठरलेली असते असं मानणारं मूल अपयश आलं की खचतं. मेहनतीने ती वाढते असं मानणारं मूल पुन्हा प्रयत्न करतं, असा त्यांचा साधारण मुद्दा. मुलांच्या शिकण्याविषयीचा तो विचार मोलाचा आहे, आपल्या अभ्यासवर्गांतही उपयोगी पडेल. पण कंपनीच्या भिंतीवर चढेपर्यंत त्याचा अर्थ पार उलटला: तुझी बढती झाली नाही ना, मग तुझ्या मनोवृत्तीत खोट आहे. आणि मी मानधन घेऊन तेच सांगत होते. स्वतःवर विश्वास ठेवा, हात वर करा, मोठी जबाबदारी मागून घ्या.

मागच्या रांगेतून एकजण उठली. आवाज अगदी शांत. "ताई, आत्मविश्वास आहे हो. पाळणाघर सहाला बंद होतं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परतताना वाकडच्या पुलाखाली रिक्षा तासभर अडकली, तेव्हा ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. नवऱ्याने मारलेली बाई आली तर आपण तिला मनोवृत्ती सुधारायला सांगत नाही. मग इथे मी दुसरं काय केलं होतं?

आता या धंद्यात बढती मिळते कशी ते थोडं समजून घेऊ. वर्षाच्या शेवटी मॅनेजर प्रत्येकाला श्रेणी देतो. ती एकट्याने ठरत नाही. बरेच मॅनेजर एका खोलीत बसतात, आपापली माणसं पुढे करतात, आणि वरच्या श्रेणीच्या जागा मोजक्या असतात. त्या खोलीत ज्याचं नाव बाकीच्यांनी आधी ऐकलेलं असतं, तो तरतो. म्हणून मूल्यमापनाच्या कागदावर एक शब्द सारखा भेटतो, 'व्हिजिबिलिटी'. म्हणजे दिसणं.

दिसतं कोण? रात्री दोनला ग्राहकाची यंत्रणा कोसळली की जो उठून ती उभी करतो, तो. सकाळी त्याच्या नावाने सगळ्या विभागाला कौतुकाची ईमेल जाते. आणि जिने आपला भाग इतका नीट लिहिला की तो वर्षभर कोसळलाच नाही, तिच्या नावाने ईमेल कोण पाठवणार? हे तुम्हाला ओळखीचं वाटतं का? घरकामाचंच गणित आहे. केलं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं.

कामाची वाटणीही तीच. बैठकीचं टिपण कोण लिहिणार, नव्या मुलाला कोण शिकवणार, दिवाळीची रांगोळी आणि निरोपसमारंभाचा केक कोण बघणार? "तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू माणसं छान सांभाळतेस" असं म्हणत बाईला हळूहळू समन्वयाच्या, चाचणीच्या, कागदपत्रांच्या कामाकडे सरकवलं जातं. यंत्रणेचा आराखडा ठरवायला तिला बसवत नाहीत. मग तीन वर्षांनी तिच्या कागदावर येतं, 'तांत्रिक खोली कमी'.

वेळेचंही तसंच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ-साडेआठ. महत्त्वाचे निर्णय त्या फोनवर होतात, आणि त्याच वेळी इथे कुकरची शिट्टी होत असते. नवराही बहुतेकदा याच धंद्यातला, त्याचाही फोन तेव्हाच. तो आतल्या खोलीत दार लावून बसतो. ती स्वयंपाकघरात, कानात यंत्र घालून, आवाज बंद ठेवून. ग्राहकाकडे उशिरा थांबण्याचं किंवा रात्रपाळीचं काम नाकारलं की 'तिला महत्त्वाकांक्षा नाही'. २००९ साली खराडीच्या कंपनीतून घरी निघालेल्या संगणक अभियंता मुलीचं काय झालं ते पुण्यातल्या आयांच्या मनातून अजून गेलेलं नाही, हे त्या मॅनेजरला कोणी सांगायचं? आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्रीच्या कामासाठी बाईची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची, ने-आणीची व्यवस्था मालकावर टाकली. संमती न देण्याची किंमत मात्र श्रेणीतून वसूल होते, आणि त्याला कायद्यात कलम सापडत नाही.

परदेशी जाण्याचा मुद्दा लांबवत नाही. एवढंच सांगते, की नवऱ्यामागे अमेरिकेत गेलेल्या बायकोला तिच्या एच-४ व्हिसावर २०१५ पर्यंत नोकरी करायची परवानगीच नव्हती. त्या वर्षी मिळाली ती काहीजणींनाच, नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचला असेल तर. तिकडे सात-आठ वर्षं घरी बसून परतलेल्या अभियंता बायका मला कोथरूडमध्ये भेटतात. त्यांच्या अर्जातल्या त्या रिकाम्या वर्षांकडे बघून मुलाखत घेणारे पोरगेलेसे गृहस्थ विचारतात, "या काळात काय केलंत?"

काहीजणी म्हणतील, बायकांचा कल तांत्रिक कामाकडे नसतोच. म्हणून थोडा इतिहास. १९४५-४६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनियाक हा संगणक तयार झाला. त्याच्यासाठी पहिले प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सहाजणी होत्या, सहाही बायका: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. यंत्र बांधणं हे पुरुषांचं मोठं काम, आणि त्याला कामाला लावणं हे कारकुनी, म्हणून ते बायकांकडे आलं. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं तेव्हा त्या प्रोग्रॅममागे या सहाजणी आहेत हे पाहुण्यांना सांगितलंही गेलं नाही. पुढे या कामात पैसा आणि मान आहे हे कळलं, तसा त्या कामाचा बाईपणा पुसला गेला. ब्रिटनच्या सरकारी खात्यांत तर यंत्रं चालवणाऱ्या अनुभवी बायकांनी ज्या पुरुषांना शिकवलं, तेच त्यांचे वरिष्ठ झाले. मार हिक्स यांनी २०१७ च्या पुस्तकात त्याची सगळी कागदपत्रं मांडली आहेत.

त्याच ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर कंपनी काढली आणि बाळंतपणामुळे घरी बसलेल्या प्रोग्रॅमर बायकांना काम दिलं, घरी बसून करायचं. बाईच्या सहीच्या पत्राला उत्तर येईना, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी सही करायला लागल्या. लगेच उत्तरं यायला लागली. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं काम त्यांच्या या घरबसल्या बायकांनी केलं. २०२० च्या टाळेबंदीत 'घरून काम' हा शोध आपल्याकडे जणू पुरुषांनी लावला, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर त्या वाक्यानंतर काय झालं? मी तिचा फोन नंबर घेतला. ती मूळ सोलापूर जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, घराण्यातली पहिली अभियंता. तिने दोन मैत्रिणी आणल्या, त्यांनी आणखी. आता महिन्यातून एका शनिवारी सातजणी आमच्या संस्थेच्या खोलीत बसतात. पहिल्या बैठकीत मी एकच सुचवलं, आपापलं मूल्यमापनाचं पत्र आणा, नाव खोडून. सात पत्रं, चार कंपन्या. वाचायला लागलो तर पाचांमध्ये तेच, 'अधिक ठामपणे बोलायला हवं'. उरलेल्या दोघी ठाम बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या पत्रात होतं, 'बोलण्याची पद्धत आक्रमक वाटते'.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग हशा पिकला, आणि त्या हसण्यात एकजण रडली. आपल्या चळवळीत सत्तरीच्या दशकात बायका गोल करून बसायच्या आणि आपलं दुःख आपल्या एकटीचं नाही हे त्यांना उमगायचं. त्याबद्दल मी एम.एस.डब्ल्यू.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी.

मग कामाला लागलो. प्रत्येकीने एक वही घातली: आठवड्याला मी काय केलं, कोणती अडचण येऊ दिली नाही, आणि कोणती कामं माझ्या नावावर न येता माझ्याकडून झाली. वरच्या हुद्द्यासाठी नेमकं काय लागतं ते मॅनेजरकडून लेखी मागायचं, बोलण्यात नको. टिपण लिहायची पाळी लावा, असं दोघींनी आपल्या गटात सांगितलं. एकीचं मानलं गेलं, दुसरीला "एवढ्याशा गोष्टीचं राजकारण करू नकोस" असं उत्तर मिळालं. चौथ्या बैठकीत पगाराचे आकडे सांगितले, आणि त्यासाठी मात्र दार लावून घ्यावं लागलं. नवऱ्याशी शरीरसंबंधांवर बोलायला या बायका लाजत नाहीत, पगाराचा आकडा सांगताना घशाला कोरड पडते. एकीला तिच्यानंतर लागलेल्या आणि तिनेच शिकवलेल्या मुलापेक्षा कमी मिळत होतं.

प्रसूती रजेचं वर्ष हा वेगळाच घोळ. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आवश्यक झाली. रजा मिळते. पण सहाच महिने काम केलं म्हणून त्या वर्षाची श्रेणी खालची लागते, आणि ती खालची श्रेणी पुढची तीन वर्षं पाठ सोडत नाही. पाळणाघराचं म्हणाल, तर 'आमचा करार आहे' असं सांगून जवळच्या पाळणाघराचा पत्ता देतात. सहाला बंद होणारं ते हेच.

आणि एक गोष्ट या सातजणींना मी प्रत्येक बैठकीत टोचते. तुझ्या रात्री साडेआठच्या फोनला घरात पोळ्या करणारी, तान्हं मूल सांभाळणारी जी बाई आहे, तिचा पगार, तिची सुट्टी, तिचं मूल्यमापन कोण करतं? १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, हे त्यांच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. 'दिसत नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या बाईला स्वतःच्या घरातली बाई दिसत नसेल, तर आपलं काम अर्धंच झालं. यावरून आमच्यात चांगलं भांडण झालं. एकजण दोन बैठका आली नाही. मग आली, ती बाईच्या पगारी रजांचा तक्ता घेऊन.

सध्या नवी धास्ती आहे कृत्रिम बुद्धिमत्तेची. साधा कोड, चाचण्या, कागदपत्रं आता यंत्र लिहून देतं. म्हणजे ज्या कोपऱ्यात या बायकांना लोटलं, तोच कोपरा आधी रिकामा होणार अशी त्यांची भीती. म्हणून शनिवारचा दुसरा तास त्या एकमेकींना शिकवतात, यंत्रणेचे आराखडे फळ्यावर काढून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी चहा करते. मुलं शेजारच्या खोलीत धिंगाणा घालतात.

ती सोलापूरची, तिला या वर्षीही बढती मिळाली नाही. पण या वेळी तिने कारण लेखी मागितलं, आणि आलेल्या ईमेलमध्ये मॅनेजरने लिहून दिलं की संध्याकाळी सहानंतर ती उपलब्ध नसते. ते पत्र आता आमच्याकडे आहे. त्याच कंपनीतल्या अकराजणींनी पाळणाघर रात्री नऊपर्यंत चालवा, नाहीतर बैठका सहाच्या आत घ्या, असा अर्ज तयार केला आहे. सह्या करायच्या की नाही यावर त्यांचं अजून एकमत नाही. तिघींचे नवरे त्याच कंपनीत आहेत.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तुमच्यातल्या ज्यांनी गिरणीत, विडी कारखान्यात पाळणाघरासाठी लढाई केली आहे, त्यांच्यापैकी कोणीतरी येत्या शनिवारी या मुलींशी बोलायला यावं. आणि मुलं सांभाळायला दोघीजणी हव्यात. त्या दोन तासांचं मानधन या मुली देतील, ते ठरलं आहे.