कासवाची शिकवण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात 'कला, सजगता आणि स्वास्थ्य' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंत. कलेशी माझा संबंध प्रेक्षकाच्या खुर्चीपुरता. परंतु नाशिक हे तात्यासाहेब शिरवाडकरांचे गाव. 'नटसम्राट'चा लेखक ज्या गावात वावरला, तेथील व्यापाऱ्यालाही नाटकाचा थोडाफार लळा असतोच. त्याच आधारावर आज एका नटाविषयी बोलण्याचे धाडस करतो. ते नट म्हणजे डॉ. मोहन आगाशे.

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातील नाना फडणवीस आगाशे यांनी अजरामर केला. हेच गृहस्थ व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि १९९० साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्याबरोबर त्यांनी पुढे मनाच्या आजारांवरील चित्रपटांना हातभार लावला. स्मृतिभ्रंशावरील 'अस्तु'मध्ये त्यांनी संस्कृत पंडिताची भूमिका केली. नैराश्यावरील 'कासव' या चित्रपटाला २०१६ या वर्षासाठीचे सुवर्णकमळ मिळाले.

नट आणि मनाचा वैद्य ही दोन कामे वरवर भिन्न दिसतात. मला मात्र त्यांत एक साम्य जाणवते. दोघांनाही दुसऱ्याच्या अंतरंगात शिरावे लागते आणि काम संपताच स्वतःकडे परतावे लागते. रात्री रंगमंचावर क्रूर, विलासी नाना साकारणाऱ्याने सकाळी रुग्णासमोर नाना होऊन बसता कामा नये. 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकरांची शोकांतिका अनेक अंगांची आहे. परंतु निवृत्त झाल्यावरही रंगभूमी त्यांच्या अंगातून उतरत नाही, हेही तिचे एक अंग आहे. आपण दुकानदार दिवसभर गादीवर ताके उलगडतो आणि रात्री पुन्हा त्यांच्या घड्या घालतो. उलगडणे गिऱ्हाइकासाठी असते, घडी घालणे आपल्यासाठी. आता मी काय करीत आहे, माझ्या मनात काय चालले आहे, याचे भान राखणे म्हणजे सजगता. आपल्या परंपरेत हेच अप्रमाद या शब्दाने सांगितले आहे.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

२०१७ च्या दिवाळीनंतर माझी मोठी उधारी अडकली. झोप उडाली. जेवणाची चव गेली. दुकानात मी हसून बोलत असे; घरी आल्यावर कोणाशी बोलावेसे वाटत नसे. त्या काळात माझ्या सामायिकांची संख्या वाढली. दिवसाला तीन-तीन सामायिके होऊ लागली. लोक म्हणू लागले, "शेठजींना आता वैराग्य आले." मलाही ते ऐकून बरे वाटे. सत्य निराळेच होते. मुहपत्ती आणि आसन घेऊन अठ्ठेचाळीस मिनिटे मी केवळ लपून बसत होतो. समताभावाचा तेथे मागमूस नव्हता. मनात एकच खातेवही पुनःपुन्हा उघडत होती. एका पहाटे तर जगण्याचा कंटाळा आल्याचे मी सूनबाईंपाशी बोलून गेलो. त्यांनी उपदेश केला नाही, की कोणाला बोलावले नाही. शेजारी बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. काही महिने औषध घ्यावे लागले. नातेवाइकांना मी "बी.पी.ची गोळी आहे" असे सांगत असे. त्या असत्याबद्दल आज आपणा सर्वांची क्षमा मागतो.

बरा झाल्यावर घरी 'कासव' पाहिला. जीव देऊ पाहिलेल्या एका तरुणाला जानकी नावाची स्त्री आसरा देते. ती स्वतःही मनाच्या आजारातून गेलेली आहे. ती त्याला प्रश्न विचारीत नाही, घाई करीत नाही. त्याच कोकण किनाऱ्यावर आगाशे यांनी साकारलेले दत्ताभाऊ समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम करतात. अंडी राखायची, आणि पिल्ले बाहेर आली की वाळूवर सोडायची. समुद्राकडची वाट ती स्वतः चालतात. सूनबाईंनी माझ्यासाठी नेमके हेच केले होते.

चित्रपट पाहताना मला ज्ञाताधर्मकथेतील दोन कासवांचे अध्ययन आठवले. कोल्हे येताच दोन्ही कासवांनी अंग आत ओढून घेतले. एकाने उतावीळपणे एकेक पाय बाहेर काढला आणि ते मारले गेले. दुसरे संयमाने थांबले. आपण ही कथा इंद्रियनिग्रहासाठी सांगतो, ते योग्यच आहे. तथापि तिचा शेवट आपण विसरतो. धोका टळल्यावर ते कासव मान वर काढते, चहूकडे पाहते आणि त्वरेने आपल्या डोहाकडे, आपल्या स्वजनांकडे परतते. अंग आत घेण्याचे प्रयोजन सुखरूप परतणे हे होते. आत वळणे ही साधना आहे; आत कोंडून घेणे हा आजार असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून घरच्यांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. सामायिक औषधाची जागा घेत नाही आणि औषध सामायिकाची. बरा झाल्यानंतर मी एकच सामायिक करतो. परंतु ते आता खरोखर सामायिक असते.

शेवटी विश्वस्तांना एक नम्र विनंती. आपल्या आरोग्य शिबिरात डोळे, मधुमेह यांच्या तपासणीबरोबर मनोविकारतज्ज्ञांचेही एक टेबल असावे. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तो क्रमांक स्थानकाच्या फलकावर लावावा. पहिल्या शिबिरात त्या टेबलापुढे रांगेत पहिला मी उभा राहीन, म्हणजे दुसऱ्याला संकोच वाटणार नाही.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.