मोतीचं पातेलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एरवी मला इथं कवितेवर बोलायला बोलावतात. आज मी स्वयंपाकावर बोलणार आहे, आणि तोही माणसांच्या नव्हे. आमच्या घरी मोती नावाचा एक गावठी कुत्रा आहे. बकरी ईदच्या दिवशी त्याच्यासाठी मी स्वतः एक पातेलं शिजवतो. मित्र हसतात. म्हणतात, ‘कवीला रिकामा वेळ फार.’ हसू द्या. पण हे पातेलं चुलीवर का चढलं, ते ऐकलंत तर तुमच्याही घरच्या मुक्या प्राण्याच्या उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

मी भोरचा. बी.ए. झालो आणि वेल्ह्याला एका कचेरीत कारकुनी धरली. कापूरहोळ, चेलाडी, मार्गासनी असा एसटीचा रोजचा प्रवास. वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण माझ्या तोंडी अजून वेल्हंच येतं. २०१५ च्या पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याच्या एका धनगरवाड्यावर कामासाठी गेलो होतो. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी चार पिल्लांतलं एक माझ्या पिशवीत घातलं. म्हणाले, ‘न्या साहेब. हितं ऱ्हायलं तर बिबट्याच्या पोटात जायचं. भाकरीचा तुकडा घाला, राखण करंल.’ नाचणीची भाकरी आणि ताक एवढ्यावर तो मोती महिनाभराचा झाला होता.

पिशवीतून ‘कुंई’ आवाज आला आणि आमच्या घरात वादळ उठलं. वादळ म्हणजे माझी अम्मी. तिचं माहेर वरंधा घाटाखाली, महाडकडचं. कोकणातले आमचे बहुतेक लोक शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ लागली तर भांडं सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीनं, हा त्यांचा कडक रिवाज. अम्मी म्हणाली, ‘कुत्रा अंगणात. उंबऱ्याच्या आत नाय.’ मी वाद घातला. शेतीच्या, गुराढोरांच्या राखणीसाठी कुत्रा पाळायला आपल्यात मुभा आहे, म्हटलं. मग हदीसमधली गोष्ट काढली. तहानेनं चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, पायताणात पाणी भरून त्यानं ते वर आणलं, आणि तेवढ्यावर त्याचे गुन्हे माफ झाले. शेवटी कुरआनातल्या सूरह कहफचा दाखला दिला. गुहेत वर्षानुवर्षं झोपलेल्या त्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही होता, पाय पसरून उंबऱ्याशी. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग? तो पण उंबऱ्याशीच होता ना? आत होता काय?’

बी.ए.ची पदवी तिथं संपली. मोती अंगणात राहिला. त्याला जर्मनचं एक वेगळं पातेलं मिळालं, आणि नळाजवळ मातीचा एक गोळा कायमचा येऊन बसला.

आता २०१८ ची बकरी ईद. २२ ऑगस्टला होती. भोरचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल. दिवसभर धार लागलेली आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. मोती तीन वर्षांचा झाला होता. प्रत्येक पाहुणा हात धुवायला अंगणात यायचा आणि ताटातलं उरलेलं त्याच्यापुढं ठेवायचा. कुणी बिर्याणीतली हाडं, कुणी कोर्म्याचा तवंग, कुणी चरबीचे तुकडे. पुतण्यानं मनुका-खारकांची खीर वाटीभर पाजली. मीही घातलं. सणाच्या दिवशी मुक्या जिवाला नाही कशाला म्हणायचं?

रात्री मोती ओकायला लागला. सकाळी पाहतो तर पुढचं अंग जमिनीला टेकवून, मागचं वर उचलून तसाच उभा. बसेना, निजेना. पाण्याला तोंड लावेना. पोटाला हात लावला की कण्हायचा. रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पोट चाचपलं, रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, ‘काल काय सण होता का घरी?’ मी मान हलवली. ते म्हणाले, ‘दिवाळीत फराळ खाल्लेले येतात, ईदनंतर चरबी खाल्लेले येतात. प्रेमानं घातलेलंच असतं सगळं.’

त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. एकदम तेलकट, तुपकट, चरबीचं खाणं पोटात गेलं की कुत्र्यांना हे होऊ शकतं, आणि त्यात ती दगावतातही. तीन दिवस सलाईन चाललं. त्या तीन दिवसांत डॉक्टरांनी मला जे शिकवलं, ते कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं.

शिजवलेलं हाड कधी घालू नये. ते चावताना टोकदार चिरफाळ्या होतात आणि घशात, आतड्यात रुततात. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. मग ते कच्चे असोत, शिजलेले असोत की मसाल्यात वाटलेले. म्हणजे आपला कुठलाही रस्सा बाद. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडावर घाला घालतात. कुणाला किती बाधतील याचा नेम नसतो. यामागचं कारण पुष्कळ वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत असतं, तेव्हा चिंचेची आमटीही नको. चॉकलेट विषारी. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई तर त्याहून घातक.

आणि एक गोष्ट त्यांनी हात धरून सांगितली. कुर्बानीच्या दिवशी, किंवा गावजत्रेत बकरं पडतं तेव्हा, काळीज-फुप्फुसाचे टाकाऊ तुकडे आपण कच्चेच कुत्र्यांपुढं फेकतो. त्या तुकड्यांत कधी पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक जंत वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातावाटे, भाजीवाटे, पाण्यावाटे माणसाच्या पोटात येतात. मग तशाच गाठी माणसाच्या यकृतात, फुप्फुसात धरतात. वर्षानुवर्षं कळत नाही, आणि कळतं तेव्हा अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. हायडॅटिड म्हणतात या रोगाला. तेव्हा बकरं कुर्बानीचं असो की नवसाचं, टाकाऊ भाग खोल खड्ड्यात पुरा. कच्चं कुत्र्यापुढं टाकू नका. आणि कुत्र्याला जंताचं औषध वेळच्या वेळी द्या.

चौथ्या दिवशी मोती घरी आला. बरगड्या मोजाव्यात असा झाला होता. अम्मी उंबऱ्यावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मला म्हणाली, ‘आपण बोलून सांगतो, पोटात दुखतं. त्यानं कुणाला सांगायचं? पुढच्या ईदला त्याचं वेगळं शिजव.’

पुढच्या वर्षी प्रश्न आला तो मटणाचा. कुर्बानीचे तीन हिस्से करायचा आमचा प्रघात आहे. एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. मोतीचं कुठल्या हिश्श्यातून काढायचं? मी अम्मीला विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही. ‘आपल्यातलं दे. गरिबाच्या वाट्याला हात लावू नको.’ तिनं स्वतःच्या वाटणीतले चार तुकडे उचलले आणि माझ्या पातेल्यात टाकले. भांड्याला बोट लागू न देता, वरूनच.

आता ते पातेलं कसं शिजवतो, ते सांगतो. आमचा मोती पंधरा किलोचा आहे, त्या मापानं सांगतो. बकऱ्याचं दीडशे ग्रॅम मटण घ्यायचं, हाड काढून, दिसेल तेवढी चरबी कापून. काळजाचा एखादा लहान तुकडा त्यात चालतो, जास्त नको. अर्धी वाटी तांदूळ. आमच्याकडे घरचा इंद्रायणी असतो, कण्या असल्या तरी उत्तम. लाल भोपळ्याच्या पाच-सहा फोडी, अर्धं गाजर, थोडी फरसबी. सगळं बारीक चिरून भरपूर पाण्यात कुकरला चार शिट्ट्या द्यायच्या. मीठ नाही, मसाला नाही, तेल-तूप नाही, कांदा-लसूण तर नाहीच. निवलं की वर तरंगून घट्ट झालेली चरबी काढून टाकायची, हातानं कुस्करायचं आणि वर एक चमचा दही. चव तुम्हाला लागणार नाही. कुत्र्याला मिठाविना भागतं, त्याचा सण वासात असतो. कुकरची पहिली शिट्टी झाली की मोती शेपटीनं सारं अंगण झाडून काढतो.

हे झालं एका वेळचं. त्या दिवशीचं नेहमीचं खाणं तेवढं कमी करायचं, नाहीतर पुन्हा पोटावर ताण. आणि एखाद्याला मटण कधीच मिळालं नसेल, तर आठवडाभर आधीपासून एकेक तुकडा देऊन सवय लावायची. रोजच जर घरचं शिजवून घालणार असाल, तर नुसत्या मटण-भातावर कुत्रा नीट पोसत नाही. कॅल्शियम कमी पडतं, आणखीही काही क्षार कमी पडतात. ते प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सणाच्या एका दिवसाला एवढा हिशेब नको.

हे फक्त ईदपुरतं नाही. वेल्ह्याच्या कचेरीतले माझे एक मित्र खंडोबाचे भक्त. चंपाषष्ठीला त्यांच्याकडे वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य असतो, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो म्हणून पहिला घास दारच्या कुत्र्याला. जेजुरीचा वाघ्या तर स्वतःला देवाचा कुत्राच म्हणवतो. मी त्यांना भीत भीत म्हटलं, भरितात कांदा असतो हो. ते विचारात पडले. आता ते कुत्र्यापुढं कोरा रोडगा ठेवतात आणि भरीत आपण खातात. देव रागावल्याचं काही दिसलं नाही.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्यानं भाकरी पळवली, आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मी ही गोष्ट माझ्या डॉक्टरांना सांगितली. ते हसून म्हणाले, ‘तूप नका घालू, धावणं तेवढं घ्या.’ त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला पटलं. आपल्याला आवडतं ते त्याच्यापुढं ठेवणं सोपं असतं. त्याला काय सोसतं, हे शोधायला मात्र त्याच्यामागं धावावं लागतं.

२०२० ची बकरी ईद १ ऑगस्टला आली. टाळेबंदीचे दिवस. ईदगाह बंद, पाहुणे नाहीत, गळाभेट नाही. घरातल्या घरात नमाज झाली. अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला चार घास भरवले, तेही तिनं कसेबसे घेतले. त्या गडबडीत माझ्याकडून मोतीचं पातेलं राहून गेलं. कुत्र्याचं काय, उद्या करू, असं मनात म्हटलं, खोटं कशाला बोलू?

दुपारी अम्मीनं डोळे उघडले. घर शांत होतं. तिनं विचारलं, ‘त्यानं खाल्लं काय?’

मला वाटलं, धाकट्या भावाबद्दल विचारते आहे. म्हटलं, ‘हो, सगळे जेवले.’

ती म्हणाली, ‘तो नाय. उंबऱ्यावरचा.’

मी उठलो आणि कुकर लावला. त्या दिवशी पाऊस फार होता आणि अंगणात पाणी साचलं होतं. मोती उंबऱ्याला चिकटून बसला होता, पुढचे दोन्ही पंजे आतल्या फरशीवर. पाच वर्षांत पहिल्यांदाच. अम्मीच्या खाटेवरून तो दिसत होता. ती काही बोलली नाही. मीही त्याचे पंजे हटवले नाहीत. पातेलं तिथंच, उंबऱ्याला लावून ठेवलं. त्यानं खाल्लं, आणि ती बघत राहिली.

त्या हिवाळ्यात अम्मी गेली.

मोती आता दहा वर्षांचा झाला. दाढा झिजल्या, एका डोळ्यानं कमी दिसतं. त्याच्या पातेल्यातलं मटण आता अगदी पेस्ट होईपर्यंत शिजवावं लागतं. मातीचा गोळा अजून नळाजवळ आहे. पावसात विरघळतो, मी नवा करून ठेवतो. ईदला हिस्से पाडायला बसलो की बायको आधी चार तुकडे बाजूला काढते, आपल्याच हिश्श्यातले.

श्रोतेहो, दिवाळी असो, ईद असो की गावची जत्रा, आपल्या दारात कुणीतरी ताटाकडे बघत बसलेलं असतं. त्याला उरलेलं घालू नका. अर्धी वाटी तांदूळ आणि चार तुकडे जास्त लागत नाहीत.

नमस्कार.