घराचा चार्ज



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "कर्नलसाहेब, सीमेवरचे अनुभव सांगा." मी म्हटलं, ते सांगणारे माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत. मी दुधाच्या हिशेबावर बोलतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "चालेल." तेव्हा आज दुधाचा हिशेब.

मी बत्तीस वर्षं फौजेत होतो. निवृत्त झालो आणि मुलीच्या नोकरीमुळे बेंगळुरूला आलो. वर्षभरात मुलीची बदली पुण्याला झाली, आम्ही दोघं मात्र इथेच राहिलो. असो.

फौजेत एक शिस्त आहे. बदली झाली की निघणारा अधिकारी येणाऱ्या अधिकाऱ्याला चार्ज देतो. याला आम्ही 'हँडिंग-टेकिंग ओव्हर' म्हणतो. लेजर उघडायचं, तंबू मोजायचे, गाड्या मोजायच्या, अगदी मेसमधले चमचेसुद्धा मोजायचे. कमी भरलं तर का कमी, ते लिहायचं. मग दोघांनी सह्या करायच्या. निघणारा माणूस कितीही हुशार असो, "सगळं माझ्या डोक्यात आहे" हे उत्तर चालत नाही. कारण साधं आहे. डोकं त्याच्याबरोबर गाडीत बसून जातं.

असे कितीतरी चार्ज मी घेतले आणि दिले. घराचा चार्ज मात्र एकदाही घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रात्री माझ्या पत्नीच्या पोटात असह्य दुखायला लागलं. आम्ही व्हाइटफील्डच्या बाजूला राहतो. तिथून मिलिटरी हॉस्पिटल गाठायचं तर बेंगळुरूची रहदारी तुम्ही ऐकून असालच. जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. पित्ताशयाचा त्रास होता, संसर्ग पसरला होता. तातडीने ऑपरेशन ठरलं आणि अनामत रक्कम भरायला सांगितली.

अडीअडचणीसाठी आम्ही वेगळे पैसे ठेवले होते, हे मला माहीत होतं. कुठे, ते माहीत नव्हतं. ते तिच्या एकटीच्या नावावर, तिने मोबाइलवरून काढलेल्या एफडीत होते. मोबाइल माझ्या हातात होता, पण त्याला कुलूप. मुलीला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आईचा पिन तुम्हाला माहीत नाही?" नव्हता. आणि पिन विचारायचा जिला, ती स्ट्रेचरवर. माझ्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे असायचे. बाकी ती हलवायची. शेवटी रात्री दीड वाजता अकॅडमीतला एक जुना सोबती कार्ड घेऊन धावत आला. त्याने पैसे भरले. मी बाकावर बसलो होतो. इतकं हतबल मला फौजेत फार थोड्या वेळा वाटलं असेल.

ती एकोणीस दिवस रुग्णालयात होती. त्या एकोणीस दिवसांत मला माझं घर कळायला लागलं. सिलिंडर संपला, नंबर कुठल्या नावाने लावायचा? विजेचं बिल कुठल्या फोनवर येतं? सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याने की तिमाहीने? कामाला येणाऱ्या बाईंना पगार द्यायची वेळ आली. मी विचारलं, "किती?" त्यांनी आकडा सांगितला आणि वर म्हणाल्या, "सर, अक्कांनी सहा हजार आगाऊ दिलेत. दर महिन्याला हजार कापतात. तेवढे कापून द्या." त्यांनी सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. माझ्या घराचा हिशेब त्यांना ठाऊक होता, मला नव्हता.

मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. कुणी ना कुणी दर डिसेंबरात पुण्याहून आम्हाला तो आणून देतं. त्या चौकटींत बारीक अक्षरात सगळं होतं. नंदिनीच्या दुधाच्या पिशव्या, न आलेल्या दिवशी फुली. सिलिंडर लावल्याची तारीख. 'बाई आगाऊ ६०००.' माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपणार, तेसुद्धा. रोज त्याच भिंतीसमोर उभा राहून मी चहा पीत होतो आणि एकादशी कधी आहे एवढंच बघत होतो.

आता मी असा का झालो, ते सांगतो. ही सबब नाही. फौजेत अर्धं आयुष्य फील्ड पोस्टिंगमध्ये जातं. कुटुंब मागे राहतं. पगार खात्यात जमा होई. शाळेची फी, घरभाडं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी सगळं तिने बघितलं. आणि मी चारचौघांत मोठ्या कौतुकाने म्हणायचो, "मला पैशातलं काही कळत नाही, सगळं हीच बघते." मला वाटायचं, हा तिचा मान आहे. खरं सांगायचं तर ही माझी अंगचोरी होती.

बेंगळुरूत राहून एक आठवण सारखी येते. शहाजीराजे इथे होते, आदिलशाहीच्या चाकरीत. आणि पुण्याची जहागीर सांभाळायला जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे. बखरी सांगतात की त्यांना पुण्याला पाठवताना शहाजीराजांनी बरोबर पेशवे, मुजुमदार, डबीर, सबनीस दिले. मुजुमदार म्हणजे जमाखर्च पाहणारा. कारभार सोपवला, पण हिशेबाच्या व्यवस्थेसकट सोपवला. आम्ही बायकोवर कारभार नुसता टाकतो.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी चित्र उलटं असेल. सगळं नवरा बघतो आणि बायकोला फक्त घरखर्चाचे पैसे मिळतात. ते जास्त धोक्याचं. माझ्याच बॅचचा एक अधिकारी अचानक गेला. त्याच्या पत्नीला विम्याच्या पावत्या शोधायला कपाटातले शर्टाचे खिसे तपासावे लागले. दुःख करायलाही तिला सवड मिळाली नाही.

पत्नी घरी आली. सोफ्यावर टेकल्या टेकल्या पहिला प्रश्न: "अहो, दुधाचे पैसे दिले का?" मी म्हटलं, "दिले. आणि आता तू बरी झालीस की मला घराचा चार्ज दे." ती हसली. मग म्हणाली, "मला हिशेब आवडतो म्हणून मी ठेवत नव्हते. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून ठेवत होते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या चार रविवारी आम्ही दोनशे पानी वही घेऊन बसलो. त्यात काय सापडलं, ते सांगतो, कारण तुमच्याही घरी यातलं काहीतरी सापडेल.

पहिलं, खाती. आमची दोघांची मिळून सहा बँकांत खाती निघाली. एक एका जुन्या छावणीच्या गावातलं, ज्यात बारा-तेरा वर्षं व्यवहारच नव्हता. दहा वर्षं हात न लावलेल्या खात्यातले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करते. ते बुडत नाहीत. खातेदार किंवा वारस बँकेकडे अर्ज करून ते मागू शकतात. असे पैसे शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. आम्ही नको ती खाती बंद केली. उरलेल्यांपैकी मुख्य खातं आणि अडचणीची एफडी दोघांच्या नावावर केली, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, अशा पद्धतीने. त्या रात्री एवढं असतं तर कदाचित मित्राला उठवावं लागलं नसतं.

दुसरं, एकाच टोपलीतली अंडी. बसवनगुडीच्या एका सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये निर्बंध घातले आणि ठेवीदारांना ३५ हजारांवर काढता येईना. त्यात निवृत्त माणसं फार होती. तेव्हा ठेवीवरचं विमा संरक्षण एक लाखाचं होतं. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाख झालं. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी एकीकडे ठेवायचा निर्णय बहुतेक घरांत एकटा माणूस घेतो. दुसऱ्याने नुसतं "सगळे तिथेच का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ वाचतं.

तिसरं, नॉमिनी. माझ्या एका जुन्या ठेवीवर नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं. आई जाऊन पंधरा वर्षं झाली. लग्नाआधी भरलेला फॉर्म, नंतर बघितलाच नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. जरूर करा. पण नॉमिनी म्हणजे मालक, असं समजू नका.

इथे पुन्हा कालनिर्णय येतो. १९७३ साली तो सुरू करणारे जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांच्या शेअर आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी होते, मृत्युपत्रही होतं. नॉमिनीचा हक्क मोठा की वारसांचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला. त्या कुटुंबाच्या खासगी गोष्टींत आपल्याला शिरायचं नाही. निकाल आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे: नॉमिनीकडे मालमत्ता सोपवली जाते, पण ती कुणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. आयुर्विम्यात पती-पत्नी, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे. बाकीच्यासाठी मृत्युपत्र हवं. आम्ही दोघांनी आपापलं केलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट.

चौथं, पेन्शन. मी गेल्यावर हिच्या हातात किती येईल, हे आम्ही पहिल्यांदा कागदावर मांडलं. पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांच्या हिशेबाने असते. कुटुंब निवृत्तिवेतनाचा साधा दर ३० टक्के. काही अटींवर थोडा काळ वाढीव दर मिळतो, पण त्यावर घर बेतायचं नसतं. खर्च एकट्या माणसासाठी निम्मा होत नाही. मेंटेनन्स तेवढाच, वीज जवळजवळ तेवढीच. तो आकडा बघून आम्ही दोघंही जरा गप्प झालो. मग ठरवलं की गाडी बदलायची नाही.

आणि पाचवं, जे कुठल्या पासबुकात नव्हतं. मी एका पुतण्याला दीड लाख दिले होते, हिला न सांगता. तिने तिच्या धाकट्या भावाला दरमहा काही पाठवलं होतं, मला न सांगता, तीन वर्षं. तो रविवार चांगला गेला नाही. जेवणं न बोलता झाली. संध्याकाळी तिनेच वहीत दोन्ही रकमा लिहिल्या, एकाखाली एक. पुतण्याचे पैसे अजून यायचे आहेत. भावाला आता दोघं मिळून पाठवतो.

वहीत काय लिहू नये, तेही सांगतो. पिन, पासवर्ड लिहू नयेत. कुठल्या बँकेत काय आहे, कागद कुठल्या फाइलमध्ये, कुणाचं देणं, कुणाचं येणं, एवढं पुरे. फोनचा पिन मात्र आता आम्हाला एकमेकांचा पाठ आहे.

याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने म्हाताऱ्या माणसांना लुटणारी टोळकी सध्या फार आहेत. बेंगळुरूत कितीतरी लोक फसले, शिकलेले लोक. त्यांचा पहिला हुकूम काय असतो? "घरात कुणालाही सांगू नका." मलाही असा फोन आला होता. पलीकडचा माणूस पोलिसी आवाजात बोलत होता. मी म्हटलं, "थांबा हं, आमच्या मुजुमदारांना बोलावतो," आणि हिला हाक मारली. फोन बंद झाला. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा.

तर मंडळी, माझं मागणं एवढंच आहे. येत्या रविवारी चहा घेऊन दोघांनी बसा. एकटे असाल तर मुलाला, बहिणीला, विश्वासातल्या कुणाला बसवा. पहिल्या दिवशी फक्त खाती आणि नॉमिनी लिहा. भांडण झालं तर होऊ द्या, वही मात्र फेकू नका.

आमच्याकडे आता दर सहा महिन्यांनी चार्ज बदलतो. सध्या माझी पाळी आहे. कालनिर्णयवर दुधाच्या फुल्या मी मारतो. गेल्या महिन्यात दोन चुकल्या, ते हिने लाल पेनाने लिहून ठेवलं आहे.

जय हिंद.