परभणी लागली!

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. ‘दहा मिनिटांत काय ते सांगा, मागून मुलांचे नाच आहेत,’ असे सेक्रेटरींनी बजावले आहे. तेव्हा पाल्हाळ न लावता सुरुवात करतो.

२००४ साली वडील गेले आणि आई परभणीहून हैदराबादला आमच्याकडे राहायला आली. दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला. शेजारी सगळे तेलुगू, माणसे अतिशय चांगली, पण आई बोलणार कोणाशी? येताना तिने ट्रंकेत दोन लुगड्यांच्या घडीत गुंडाळून आपला ट्रान्झिस्टर आणला होता. पहाटे सहाला उठून ती काटा फिरवत बसायची. खरखर, शिट्ट्या आणि मधेच तेलुगू गाणे. चार-पाच दिवसांनी तिने विचारले, “परभणी लागंना का रे इथं?” मी म्हणालो, “लागंल की, आई.” बोलून तर गेलो.

आकाशवाणी परभणी त्या काळी मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागे. हैदराबादहून सरळ रेषेत अंतर जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर. दिवसा इतक्या दूर आवाज क्षीण पोहोचतो, कारण वातावरणाचा एक खालचा थर उन्हाने तयार होतो आणि या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर खाली येतात. म्हणजे रात्र आणि हिवाळ्यातली पहाट आमच्या बाजूची होती. अडचण एरियलची. १३०५ ची लहर २३० मीटर लांब. तिच्या पाव लांबीची तार लावायची म्हटले तरी ५७ मीटर हवी, आणि आमची बाल्कनी तीन मीटर! त्यातही निम्म्या जागेत वॉशिंग मशीन.

पहिला उद्योग केला तो गच्चीवर. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत वीस मीटर तार ताणली, खाली घरात आणली आणि ट्रान्झिस्टरभोवती चार वेढे दिले. झाले काय, तर १३७७ वर असलेले हैदराबादचेच दुसरे केंद्र सगळ्या पट्टीवर पसरले. परभणीच्या जागी हैदराबाद, औरंगाबादच्या जागीही हैदराबाद! आठवड्याने सोसायटीच्या सेक्रेटरींनी तार काढून गुंडाळी माझ्या हातात दिली. तेव्हा राग आला होता. आता वाटते, त्यांचे बरोबर होते. पावसाळ्यात गच्चीवरची उघडी तार घरात आणणे म्हणजे विजेला आवतणच.

मग डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला जास्त लहरी गोळा करायच्याच नाहीत, नको त्या बाहेर ठेवायच्या आहेत. त्यासाठी चौकटीचा एरियल करतात. पूर्वीच्या मोठ्या रेडिओंच्या पाठीमागेही तारेची तशी चौकट असे.

८५ सेंटिमीटरच्या दोन लाकडी पट्ट्या मधोमध खाच पाडून फुलीसारख्या अडकवल्या. चारही टोकांना कंगव्यासारखे दाते पाडलेले फळीचे तुकडे ठोकले, दात्यांतले अंतर अर्धा सेंटिमीटर. त्यावरून साधी प्लास्टिकची बारीक तार गुंडाळली की ६० सेंटिमीटर बाजूचा चौकोन होतो. तारेची दोन टोके गँग कंडेन्सरला जोडायची. हा गँग मला गुरुवारच्या जुमेरात बाजारात एका मोडक्या व्हॉल्व्ह रेडिओतून मिळाला, पाचशे पिकोफॅरडचा. विकणाऱ्या चाचांनी रेडिओचे लाकडी खोकेही गळ्यात मारले. सौ. अजून त्यात कांदे ठेवते.

पहिल्यांदा मी उत्साहाने सोळा वेढे दिले. वेढे जास्त, तर जोर जास्त, हा माझा हिशेब. खालची स्टेशने खणखणीत आली, पण गँग पूर्ण उघडला तरी गाडी हजाराच्या जरा पुढे जाऊन अडली. १३०५ पर्यंत पोहोचेचना. पाच वेढे सोडवले, अकरा ठेवले, तेव्हा बहुतेक सगळी पट्टी आवाक्यात आली. तार लागली सत्तावीस मीटर.

गंमत अशी की ट्रान्झिस्टरला काही जोडावे लागत नाही. त्याच्या पोटात एक काळी सळई असते, तिच्यावरही तारच गुंडाळलेली. ती सळई चौकटीला काटकोनात राहील असा रेडिओ चौकटीजवळ ठेवायचा. रेडिओ १३०५ वर लावायचा आणि गँग अगदी हळू फिरवायचा. एका जागी आवाज एकदम उसळतो.

चौकटीची कड ज्या दिशेला, तिकडचे ऐकू येते. तिचे तोंड ज्या दिशेला, तिकडचे दबते. परभणी आमच्या वायव्येला. कड तिकडे केली की तोंड येते ईशान्य-नैर्ऋत्य. दैवयोगाने शेजाऱ्यांचा टीव्ही नैर्ऋत्येच्या भिंतीपलीकडे होता. त्या जुन्या टीव्हींची शिट्टी दर पंधरा-सोळा किलोहर्ट्झवर वाजे, ती पुष्कळच कमी झाली. आमची स्वतःची ट्यूबलाइट मात्र बंदच करावी लागे.

डिसेंबरातली पहाट होती. अंधारात मी गँग फिरवतोय आणि आई जपमाळ घेऊन खाटेवर. खरखरीतून भक्तिगीत वर आले, विरले, पुन्हा आले. मग निवेदिकेने केंद्राचे नाव सांगितले. आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “आवाज कमी कर, पोरं उठतील.” पण मला हात लावू दिला नाही.

पुढे मला काही करावेच लागले नाही. तिने चौकट कुठे उभी करायची तिथे फरशीवर खडूने रेघ मारली आणि गँगच्या चकतीवर परभणीपाशी कुंकवाचे बोट लावले. शेजारच्या अम्मांना ती दाखवायची, चौकट फिरवली की तेलुगू कसे मोठे होते. दोघींची भाषा तिथून सुरू झाली, निम्मी खुणांची. उन्हाळ्यात सूर्य लवकर वर येई आणि सहाच्या आधीच परभणी बुडे, तेव्हा आई सूर्यावर रागवायची.

आई २०१३ साली गेली. त्यानंतर आकाशवाणीची बरीच मध्यम लहरींची प्रक्षेपणे बंद झाली आणि आता मोबाईलवरच हवे ते केंद्र ऐकता येते, तेही खरखरीशिवाय. माझी मुलगी मला हेच सांगते आणि ते खरेच आहे.

ती चौकट आज बरोबर आणली आहे, गणपतीशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. कुंकू पुसट झाले आहे पण दिसते. ज्यांना फिरवून पाहायची असेल त्यांनी आरतीनंतर थांबावे. मात्र मंडपवाल्यांना विनंती, तेवढा वेळ ती लुकलुकणारी माळ बंद ठेवा.